भाऊजींनी एकदाचं नाव लिहिलं

माझ्या ताईचे यजमान वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर लिहितात आणि मी त्याच वर्तमानपत्रात प्रूफं तपासते. म्हणजे घरी ते माझे भाऊजी आणि ऑफिसात माझं गिऱ्हाईक. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ मी इतकी वर्षं निस्तरते आहे की त्या चुकांवर आता माझाही थोडा हक्क झाला आहे.

ऑफिसात त्यांना सगळे 'तळ्यात-मळ्यात' म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. "तळ्यात-मळ्यात, चहा आलाय तुमचा," असं सरळ ओरडतात. भाऊजी रागावत नाहीत. रागवावं की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत चहा गार होतो, असं आमचा फोटोग्राफर म्हणतो.

हे नाव पडलं त्याला कारण आहे. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्या सामन्याबद्दल लिहायचं हे भाऊजींचं मुख्य काम. कोण कुणाशी भिडणार, कोण कसा खेळतो, कुणाचं पारडं जड. स्नूकर हा त्यांचा खास प्रांत, आणि लिहितात झकास. हिरव्या कापडावरून पांढरा चेंडू हळूहळू कसा जातो आणि हवा तिथेच कसा थांबतो, हे त्यांनी लिहिलेलं वाचलं की जन्मात क्यूची काठी हातात न धरलेली माझ्यासारखी बाईसुद्धा टेबलाशी जाऊन उभी राहते. पण शेवटच्या परिच्छेदात, 'मग जिंकणार कोण?' असं वाचक विचारतो तिथे, भाऊजी हमखास अंग काढून घेतात. "दोघांपैकी ज्याचा खेळ त्या दिवशी अधिक चांगला होईल, त्याच्याकडे चषक जाईल असे म्हणता येईल." मी एकदा विचारलंही होतं, "भाऊजी, हे वाक्य कायमचं जुळवून ठेवू का? दर वेळी नव्यानं कशाला लिहिता?"

"ठेव," ते म्हणाले. "फक्त 'चषक'च्या जागी कधी 'ढाल' येते. तेवढी जागा मोकळी सोड."

घरी तीच तऱ्हा. चहा की कॉफी? काहीही चालेल. पंखा लावू? लावा हवा तर. चपलांच्या दुकानात दोन जोड पुढ्यात घेऊन बसले की दुकानदार शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो आणि त्याचं आटोपून परत येतो. लेकीचं नाव ठेवायचं होतं तेव्हा 'हेही बरं, तेही बरं' करता करता पोर शाळेत जायच्या वयाची झाली. शेवटी शाळेच्या दारात ताईनं मनाला आलं ते नाव सांगून टाकलं. घरात मात्र ती अजून छोटीच आहे. छोटी आता ताईपेक्षा उंच झाली आहे.

ताई नेमकी उलटी. ती इस्पितळात नर्स, आणि तिचं सगळं एक घाव दोन तुकडे. अंगठा निखळला म्हणून भाऊजी तिच्या वॉर्डात आले होते. अंगठा जागेवर बसला, बरा झाला, तरी हे दाखवायला येतच राहिले. ताईनं काही दिवस वाट बघितली आणि मग स्वतःच विचारलं, "लग्न करायचंय का माझ्याशी?"

"दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा," भाऊजी म्हणाले.

"बाजू दोनच आहेत. एक तू, एक मी. माझा विचार झालाय."

मी तेव्हा ताईचा डबा घेऊन दाराशी उभी होते, म्हणून हे शब्दन् शब्द सांगू शकते. भाऊजी 'हो' म्हणालेच नाहीत. म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'वर ताईनं सगळा संसार केला. ती त्यांना तेव्हाही अरे-तुरे करायची आणि आजही करते. पण कधीतरी, मी आणि ती दोघीच असलो की, म्हणते, "तुझ्या भाऊजींनी मला निवडलं नाही गं. मी समोर होते, एवढंच." म्हणते हसतच. मी ते हसण्यावारी नेते, कारण दुसरं काय करणार?

आता, माणूस असा का झाला तेही सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, आडातच नाही. तसं नव्हतं. तरुणपणी भाऊजी स्वतः खेळायचे आणि भारी खेळायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक बिलियर्ड रूम होती, तिथे शिकले. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एवढंसं दुकान, समोर काच, आत स्टुलावर डोळ्याला भिंग लावून बसलेले वडील. मुलानं शहरातल्या सगळ्यांना हरवत हरवत मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. त्या दिवशी सकाळच्या पेपरात तेव्हाच्या खेळ-वार्ताहरानं लिहिलं, 'हा मुलगाच जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.' वडिलांनी ते पान दुकानाच्या काचेला आतून लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवलं. मुलानंही ते वाचलं, एकदा नव्हे, चारदा. आणि संध्याकाळी, लहान पोरानंही घातला असता असा काळा चेंडू त्यानं टेबलाच्या खिशाच्या कडेला मारला. हरला.

हरण्याचं एवढं काही नाही. पण ते पान काचेवरून काढायचं कुणी? वडिलांना वाटे मुलानं काढावं, मुलाला वाटे वडिलांनी. दोघंही त्या पानाला हात लावेनात. उन्हानं ते पिवळं पडलं, अक्षरं पुसट झाली, तरी तिथेच. भाऊजी दुकानात जायचे ते मान खाली घालून. क्यू माळ्यावर गेला तो गेलाच. पुढे त्याच पेपरात नोकरी मिळाली, त्याच पानावर, आणि पहिल्याच दिवशी भाऊजींनी ठरवलं की कुणाच्या गळ्यात असं नाव बांधायचं नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे भाऊजी पाणीसुद्धा फुंकून पितात.

तर अशा माणसाला यंदाच्या स्नूकरच्या अंतिम सामन्याआधी, शुक्रवारी, नव्या संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी प्रूफं घेऊन तिथेच होते. संपादक वाईट नाहीत. आल्यापासून पानं जरा हलती-बोलती केलीत त्यांनी. त्यांनी भाऊजींना नीट बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमच्या लेखाखाली यापुढे एक चौकट असेल. 'आमचा कौल.' त्यात एक नाव. एकच."

"पण साहेब, हे दोघं..."

"दोघंही लहरी आहेत, मला माहितीय. म्हणूनच लोकांना उत्सुकता आहे. उद्या सहापर्यंत नाव द्या. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगतो, या सामन्याचं आणि पुढच्यांचंही. तुम्ही निकाल लिहा, आकडे लिहा. ते चांगलं करता तुम्ही."

भाऊजी 'बरं' म्हणाले आणि बाहेर आले. चेहरा असा की जणू घरातलं कुणी आजारी आहे. निकाल काय, कुणीही लिहितो. सामन्याच्या आदल्या दिवसाचा लेख म्हणजे भाऊजी. तो गेला तर त्या टेबलाशी बसणारा माणूस कोण, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि नाव द्यावं तर ते काचेवरचं पान. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात खेळाडू दोघे असे, की कौल द्यायचा तर नाणंही बिचकावं. एक 'पारा' आणि दुसरा 'मांजर'. ही त्यांची नावं आम्हीच छापून छापून रूढ केली. पारा म्हणजे चढला की थांबायचा नाही. क्यू लावतो न लावतो तोच चेंडू खिशात. पण उतरला की विचारू नका. एकदा वरचा दिवा गुणगुणतोय म्हणून त्यानं सामना थांबवला, स्टूल मागवलं, स्वतः चढून दिवा ठीक केला आणि खाली उतरून सलग चार फ्रेम, म्हणजे चार डाव, हरला. एकदा तर पुढे असताना मध्येच प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवून घरी निघून गेला. का, तर म्हणे कंटाळा आला. मांजर दुसऱ्या टोकाचा. दुसरा खेळत असला की हा खुर्चीत डोळे मिटून घेतो, आणि नुसते मिटत नाही, झोपतो. पंचांनी हाक मारून उठवलंय त्याला. उठतो, आळस देतो, आणि कधी अख्खं टेबल रिकामं करतो, तर कधी पहिलाच चेंडू हुकवून परत झोपायला जातो. नवख्याकडून हरतो, विजेत्याला हरवतो.

शनिवारी माझी सुट्टी. सकाळीच ताईचा फोन. "तू जा त्याच्याबरोबर. हा विचार करत रस्ता ओलांडेल आणि मध्येच उभा राहील." म्हणून मी भाऊजींबरोबर सरावाला गेले. मोठं सभागृह होतं. एकीकडे खुर्च्या मांडणं चालू होतं, एकीकडे टेबलाच्या कापडावर इस्त्री फिरत होती आणि गरम लोकरीचा वास सुटला होता. भाऊजी टेबलाजवळ गेलेच नाहीत. खेळाडूंच्या दोन खुर्च्या जिथून समोर दिसतात तिथे जाऊन बसले. ही त्यांची जुनी रीत. "टेबलाशी सगळेच शूर असतात," ते मला म्हणाले. "स्नूकरमध्ये दुसरा खेळत असताना तुम्हाला काहीही करता येत नाही. नुसतं बसायचं. माणूस तिथे हरतो. म्हणून मी बसणं बघतो."

मांजर पलीकडच्या टेबलावरची आपली सरावाची वेळ संपवून आमच्याकडे आला. गोल चेहरा, डोळ्यांवर झापड. "काका, तुम्ही या वेळी नाव देणार म्हणे?"

ऑफिसातली बातमी ऑफिसात राहिली तर ते वर्तमानपत्र कसलं! भाऊजी म्हणाले, "बघू. ठरलं नाही."

"माझं देऊ नका, काय? मला मग झोप लागत नाही."

आणि गेला. मला हसू आवरेना. भाऊजी मात्र हसले नाहीत. "बघ," म्हणाले, "सगळे सांगतात पेपर वाचत नाही म्हणून. सगळे वाचतात."

मग पारा आला. उंच, किडकिडीत, हाताला क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची निळी भुकटी. भाऊजींच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याचा गुडघा हलायला लागला. त्याचा गुडघा कायम हलतो. बसला की नजर दाराकडे आणि गुडघा चालू, जणू आत्ता उठून जायचंय.

"काका, माझ्याबद्दल काय लिहिणार?"

"अजून लिहिलं नाही."

"मी सांगू? 'याच्याबद्दल काही सांगता येत नाही.'"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले. कारण नेमकं तेच वाक्य त्यांनी सकाळी घरी लिहिलं होतं आणि त्यांना न्यायला गेले तेव्हा मी ते वाचलं होतं. 'याच्याविषयी काही सांगता येत नाही असे म्हणता येईल.'

"खेळायला लागल्यापासून मी हेच वाचतोय," पारा म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होता. "तुमचा राग नाही. तुम्ही छान लिहिता, मी सगळं वाचतो तुमचं. पण घरीही तेच आहे हो. बायकोनं उद्या यायचं नाही ठरवलंय. म्हणते, तू मध्येच उठून जाशील, मी तिथे एकटी बसून काय करू?"

"मग उठू नका," भाऊजी म्हणाले.

"कुणी वाट बघत असेल तर माणूस थांबतो, काका. माझी कुणी वाटच बघत नाही. जिंकलो तर म्हणतात, बघा, काही सांगता येत नाही. हरलो तर तेच. एकदा कुणीतरी म्हणावं, हा जिंकणार. चुकलं तर चुकलं."

भाऊजींनी इस्त्री फिरवणाऱ्या माणसाकडे बघितलं. मग म्हणाले, "नाव दिलं की हात कापतो. माझा कापला होता."

"माझा नाव न देता कापतो," पारा म्हणाला, आणि खडू खिशात टाकून सरावाला निघून गेला.

परतताना भाऊजी आपल्याच नादात चालत होते. रस्ता ओलांडताना मी खरंच त्यांची बाही धरून ठेवली. ऑफिसात येऊन टेबलाशी बसले. सकाळचा लेख समोर होता. ते उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. सहा वाजत आले तसा संपादकांनी केबिनमधून एकदा डोकावून घड्याळाकडे बघितलं. फोटोग्राफरनं हळूच पैज लावायचा विषय काढला, तेव्हा मी त्याला झापलं. त्या दिवशी मी कामावर नव्हते, पण झापायला काय, हजेरी लागत नाही.

मग भाऊजी लिहायला लागले. थांबले नाहीत. संपलं तसं कागद माझ्यापुढे ठेवले. सुट्टी असूनही मीच ती प्रूफं वाचली. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हते.

त्यांनी लिहिलं होतं: "उद्या दोन लहरी माणसे समोरासमोर येत आहेत, असे सगळे म्हणतात. मीही आजवर तेच म्हणत आलो. मांजर झोपतो, कारण त्याला चिंता नाही. पारा उठून जातो, कारण त्याची कुणी वाट बघत नाही. या दोन गोष्टींना आपण एकच शब्द वापरत आलो, तो आपला आळस आहे. पाऱ्याला आम्ही कधी जिंकायला सांगितलेच नाही. तो काय करतो ते बघत बसलो. मला विचाराल तर उद्या पारा जिंकेल. त्याला आकड्यांचा आधार नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, एवढेच." आणि खाली चौकटीत, आमचा कौल: पारा.

इतक्या वर्षांत भाऊजींच्या लेखात 'मला' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. 'पारा'ला दोन ठिकाणी काना द्यायचा राहिला होता तो दिला आणि विचारलं, "भाऊजी, नक्की ना?"

"खाली छपाईला पाठव," ते म्हणाले. "लवकर पाठव, नाहीतर मी बदलेन."

रविवारी सकाळी त्यांनी पेपर उघडलाच नाही. ताईनं वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "मी पण येते आज," एवढंच म्हणाली. तिनं आजवर स्नूकरचा एकही सामना बघितला नव्हता. दुपारी आम्ही तिघं गेलो. भाऊजी पत्रकारांच्या रांगेत आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे.

जो आधी दहा फ्रेम जिंकेल त्याचा चषक. मी तुम्हाला सगळ्या फ्रेम सांगत बसत नाही. मलाही निम्म्या कळल्या नाहीत. पाऱ्यानं सुरुवातीला धडाका लावला, मग मांजर जागा झाला, मग पुन्हा पारा. ताई सारखी विचारायची, "आता कोण पुढे?" आणि मी सांगेपर्यंत बदललेलं असायचं. पण भाऊजी टेबलाकडे बघतच नव्हते. ते पाऱ्याच्या खुर्चीकडे बघत होते. मधल्या एका वेळी मांजरानं सलग तीन फ्रेम घेतल्या. पारा अर्धा तास नुसता बसून होता. एरवी पारा केव्हाच उठून गेला असता. भाऊजींनी मागे वळून मला खूण केली. मी बघितलं. पाऱ्याचा गुडघा हलत नव्हता. नजर दाराकडे नव्हती, टेबलावर होती. आणि हळूच एकदा ती वर, मागच्या रांगेकडे गेली. तिथे एक बाई बसली होती, मांडीवर आमचा पेपर. घडी घातलेला, पण आमच्या पानावर. पाऱ्याची बायको आली होती.

नऊ-नऊ झालं. शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर एकटा काळा चेंडू उरला. मांजर पाच गुणांनी पुढे आणि काळ्याचे सात, म्हणजे जो काळा घालेल तो जिंकेल. मांजरसुद्धा खुर्चीत टक्क जागा होता. पारा वाकला. लांबचा फटका होता, अवघड, पण त्याच्या हातचा. काळा चेंडू सरळ गेला, खिशाच्या तोंडाशी या जबड्याला लागला, त्या जबड्याला लागला आणि तिथेच थांबला. मांजर उठला. या वेळी त्यानं आळस दिला नाही. त्यानं तो चेंडू आत ढकलला आणि सामना संपला.

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पुढे वाकून म्हणाले, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, भाऊजी. तुमच्या नावानं काही झालं नाही." त्यांनी ऐकलं नाही. मला माहीत होतं ते कुठे आहेत. घड्याळाच्या दुकानाच्या काचेसमोर.

जिन्यात संपादक भेटले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, "चुकलात."

"हो," भाऊजी म्हणाले.

"सकाळपासून ऑफिसचा फोन खणखणतोय. निम्मे लोक शिव्या देतायत, निम्मे म्हणतायत आम्हालाही तसंच वाटत होतं. तळ्यात-मळ्यात, पुढच्या आठवड्यात कुणाचं नाव देताय?"

म्हणजे भाऊजींचा लेख शाबूत राहिला. दोन दिवस जीव टांगणीला लावणारी गोष्ट जिन्यात, उभ्या उभ्या सुटली. भाऊजींच्या ते ध्यानातही आलं नाही. "मला आधी त्याला भेटायचंय," म्हणाले, आणि खेळाडूंच्या खोलीकडे चालू लागले. आम्ही दोघी मागे.

पारा बाकावर बसून क्यूचे दोन भाग सोडवत होता. शेजारी बायको, आणि ती रडत होती. तोंड लपवून नाही, चांगली मोकळी रडत होती. भाऊजी दारातच थांबले. "मी लिहायला नको होतं," म्हणाले. "माझ्यामुळे झालं. मला ठाऊक होतं, नाव दिलं की असं होतं, तरी मी लिहिलं."

पाऱ्यानं वर बघितलं. दमलेला होता, डोळे लाल होते. "हिला बघा, काका," तो म्हणाला. "आजवर मी हरून घरी गेलो की ही विचारायची, जेवायला काय करू? आज रडतेय."

"रडू नको तर काय करू?" बायको म्हणाली. "किती जवळ आला होता तो चेंडू!"

"तेच म्हणतोय मी. काका, आजवर मी कधी हरलोच नव्हतो. नुसता लहरी होतो. आज पहिल्यांदा हरलो." त्यानं क्यू पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. "वाईट वाटतंय. पण पुढच्या वेळीही लिहा."

भाऊजींनी पुढे होऊन पाऱ्याचा निळा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

घरी येताना तिघंही चालत आलो. ताई आम्हा दोघांच्या पुढे होती, तिला हळू चालता येत नाही. भाऊजी तिच्या पाठीकडे बघत चालले होते आणि मला वाटलं, सामन्याचा विचार करत असतील. घरात शिरलो. ताईनं दिवा लावला, एक चप्पल काढली, आणि रोजच्या सवयीनं, उत्तराची वाट न बघता विचारलं, "चहा करू की कॉफी?"

"तेव्हा मी 'बरं' म्हणालो होतो," भाऊजी म्हणाले.

"कधी?"

"तुझ्या वॉर्डात. तू विचारलंस तेव्हा." ते अजून दारातच उभे होते. "मला 'हो' म्हणायचं होतं. अंगठा पहिल्या आठवड्यातच बरा झाला होता. मी तुझ्यासाठीच येत होतो. मी तुलाच निवडलं होतं. बोललो नाही, कारण वाटलं, बोललो आणि मोडलं तर?"

वॉर्डात माणसं मरताना पाहिलेली, एक घाव दोन तुकडे करणारी माझी ताई, एका पायात चप्पल आणि एक चप्पल हातात, अशी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला हसावं की रडावं ठरवता येईना. एकदा हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. भाऊजींनी तिच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि खाली ठेवली.

कॉफी शेवटी मीच केली.